घरी हिशेब पाठवा, काम नको

रविवारी रात्री नऊच्या सुमारास मुलीच्या फोनवर नातवाच्या वर्गाचा 'वीकली प्लॅनर' येऊन पडतो. नातू दुसरीत, शाळा पुण्याच्या एका उपनगरातली, इंग्रजी माध्यमाची. प्लॅनर म्हणजे एक रंगीत तक्ता. सोमवारी वर्कशीटची अमुक पानं, मंगळवारी 'शो अँड टेल', बुधवारी डिक्टेशनचे दहा शब्द, गुरुवारी पवनचक्कीचं 'वर्किंग मॉडेल', शुक्रवारी पिवळे कपडे. मुलगी आणि जावई दोघांनाही रोज घरी यायला आठ वाजतात. त्यामुळे त्या रविवारी पवनचक्की वाचल्या वाचल्या जावई चपला अडकवून खाली गेले. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात त्यांच्याआधी तीन बाप उभे होते. दुकानदाराने मान वर न करताच विचारलं, "दुसरी का? पवनचक्की?" आणि काउंटरखालून आइस्क्रीमच्या काड्या, फोमशीट, स्ट्रॉ, टाचण्या असं बांधून तयार ठेवलेलं पाकीट पुढे सरकवलं.

वर्गात काय चाललंय याची खबर आमच्याआधी दुकानदाराला असते. पवनचक्की रात्री साडेअकराला फिरायला लागली. नातू केव्हाच झोपला होता. गुरुवारी तिला 'एक्सलंट'चा स्टिकर मिळाला. तो जावयांनी फ्रिजवर लावलाय. लावायलाच हवा, मिळवला त्यांनीच.

घरात सगळे हसले, मीही हसले. पण मला हसण्याचा फारसा अधिकार नाही. मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं, त्यातली बरीचशी पाथर्डी तालुक्यात. फोमशीट वगळता हाच उद्योग मी स्वतः वर्षानुवर्षं केलेला आहे.

आमची शाळा दोनशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. रोज शाळा सुटताना मी फळ्यावर पाच ओळी लिहायचे आणि म्हणायचे, हे शुद्धलेखन उद्या दाखवायचं. दुसऱ्या दिवशी काहींच्या वह्या पूर्ण, काहींच्या कोऱ्या. पूर्ण असलेल्यांना बरोबरची खूण आणि शाबासकी, कोऱ्या असलेल्यांना बोलणी. हे किती वर्षं चाललं ते सांगायला लाज वाटते. एकदा वह्यांचा गठ्ठा तपासताना सहज लक्षात आलं की ज्यांचा गृहपाठ रोज होतो त्यांच्यापैकी बहुतेकांची मोठी बहीण तिसरी-चौथीत आहे. मग अक्षर बघायला लागले. काही वह्यांमध्ये तर 'र' काढायची पद्धतच ताईची होती. ज्यांच्या वह्या कोऱ्या होत्या त्यांच्या घरी लिहिता-वाचता येणारं माणूस संध्याकाळी नसायचं, कुठे तर कधीच नसायचं. म्हणजे इतकी वर्षं मी मुलांना गुण देतच नव्हते. त्यांच्या घरी कोण आहे, याची नोंद करत होते.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे आणि निवृत्त होऊन शहरात आल्यावर ते आणखी घट्ट झालं. पहिली ते तिसरी-चौथीच्या मुलांच्या शाळेने आठवड्याचा हिशेब घरी पाठवावा. काम पाठवू नये. शाळेत या आठवड्यात काय झालं, तुमचं मूल त्यात कुठे आहे, कुठे अडकलंय, हे कळण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे. पण शाळेत राहून गेलेलं शिकवणं उरकण्याचं कंत्राट घराकडे असू नये. आज अगदी उलट होतं. काम पोचतं, हिशेब पोचत नाही. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकापर्यंत आईला एवढंच कळतं की वही अपूर्ण आहे.

यात मी काही क्रांतिकारक बोलतेय असं नाही. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने 1993 मध्येच सांगून ठेवलंय की प्राथमिकच्या मुलांना गृहपाठ नको. द्यायचाच तर घराच्या आसपासच्या गोष्टी न्याहाळण्या-शोधण्यापुरता द्यावा. मद्रास उच्च न्यायालयाने 2018 मध्ये पहिली-दुसरीच्या गृहपाठाला मनाई केली. केंद्राचं 2020 चं दप्तर धोरण तर आकडे देऊनच बोलतं. दुसरीपर्यंत गृहपाठ शून्य, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दिवसाला नव्हे, आठवड्याला. तेही काय, तर काल संध्याकाळी काय केलंस, काय खेळलास, घरात कशाला मदत केलीस, हे वर्गात येऊन सांगणं. हे धोरण वाचलेला एकही पालक मला अजून भेटलेला नाही. शिक्षक भेटले, पण त्यांनी ते दप्तराच्या वजनापुरतं वाचलं होतं. आपल्याकडे दप्तर म्हटलं की तराजूच काढतात. मधे दोन वर्षं पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यात वहीची कोरी पानं शिवायचा प्रयोग झाला, 2025 मध्ये तो गुंडाळला. वजन किती ग्रॅमने कमी झालं याची चर्चा पुष्कळ ऐकली. त्या कोऱ्या पानांवर काय लिहायचं होतं, हे मात्र फार कुणी विचारलं नाही.

मग गृहपाठ टिकतो कशावर? पालकांच्या भीतीवर. "अभ्यास देत नाहीत म्हणजे शिकवत नाहीत," हे वाक्य मी पाथर्डीत ऐकलंय आणि इथे लिफ्टमध्येही ऐकते. शाळेला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून गृहपाठ ही शाळेची पावती झालीय. फी घेतली, हे घ्या वर्कशीट. पावतीवर मूल काही शिकतं का, हा प्रश्न दुकानदारही विचारत नाही आणि गिऱ्हाईकही.

ही भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मुलांना वाचता-मोजता येतं का ते घरोघर जाऊन बघणाऱ्या 'असर'च्या 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं 23.4 टक्के निघाली. 2022 मध्ये ती 16.3 टक्के होती, म्हणजे सुधारणा आहे. पण चारातल्या तिघांना वाचता येत नसेल तर आईने घाबरू नये तर काय करावं? चुकतंय ते भीतीवर सांगितलेलं औषध. वाचता न येणाऱ्या मुलाला पाच ओळी उतरवून काढायला लावल्या तर त्याचं अक्षर वळणदार होतं, वाचन जागच्या जागी राहतं. आमच्याकडे अशी कितीतरी मुलं होती. मोत्यासारखं अक्षर, आणि लिहिलेलं वाच म्हटलं की गप्प.

वाचन कसं येतं ते बघा. दुसरीतलं मूल 'पाटलाच्या वाड्यात चिमण्या आल्या' हे वाक्य वाचताना 'पा... ट... ला... च्या...' असं चढत असतं. 'वाड्यात'ला पोचेपर्यंत त्याला पाटील आठवत नाही. जोडाक्षर आलं की पाय अडखळतो. यावर उपाय एकच, तोच छोटा उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचणं, तोंडातून तो सरसर निघेपर्यंत. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं रोज पाच मिनिटं ऐकायचं तर तीन तास वीस मिनिटं लागतात, आणि सगळी शाळाच चार तासांची. इथे घराची गरज आहे, खरीखुरी गरज. त्या घरात शिकवणारं माणूस लागत नाही. ऐकणारं लागतं.

आणि ऐकायला अक्षरओळख लागत नाही. ही गोष्ट मला एका आईने शिकवली. ती निरक्षर होती. मी तिला म्हटलं, "रोज भाकरी करताना त्याला समोर बसव आणि धडा वाचून दाखवायला सांग." ती म्हणाली, "बाई, मला काय कळतंय त्यो बरुबर वाचतोय का चुकीचं?" मी म्हटलं, "अडखळला की कळेल ना? मग म्हण, पुन्हा वाच. आणि संपल्यावर विचार, मग फुडं काय झालं?" दिवाळीपर्यंत त्या मुलाचं वाचन वर्गात सगळ्यांच्या पुढे गेलं. त्याच्या आईला सगळा धडा पाठ झाला होता, हा वरकड नफा. अशा आईला मी आधी तीन वर्षं 'पालक लक्ष देत नाहीत' या रकान्यात टाकलेलं होतं.

गणिताचंही तेच. आमच्या शाळेत भाजी विकणाऱ्या बाईचा मुलगा होता. वहीत 50 वजा 37 दिलं की उत्तर लिहायचा 27. सातातून शून्य गेले सात, पाचातून तीन गेले दोन. शून्यातून सात जात नाहीत म्हणून बिचारा उलटं वजा करायचा, ही चूक प्रत्येक दुसरी-तिसरीच्या वर्गात सापडते. बाजारच्या दिवशी मी त्याच्या आईकडे भाजी घ्यायला गेले. सदतीस रुपये झाले, मी पन्नासची नोट दिली. पोराने डोळ्याचं पातं लवायच्या आत तीन रुपये हातावर ठेवले, "चाळीस," म्हणाला, मग दहाची नोट ठेवली, "पन्नास." तेरा रुपये बरोबर. म्हणजे त्याला वजाबाकी येत होती! सदतीसपासून पन्नासपर्यंत चढत जाण्याची, बाजारातली. मी त्याला दशक सुटे करून 'हातचा' घ्यायला शिकवत होते आणि त्या दोन वजाबाक्यांची ओळखच झालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात मी भाजीचं दुकान मांडलं आणि त्याला गल्ल्यावर बसवलं. आठवड्याभरात वहीतलं 27 गेलं.

त्या दिवसापासून आठवडी बाजार हीच माझी पालकसभा झाली. सभेची सूचना काढली की पाच-सहा जण येत. बाजाराला सगळा गाव येतो. मिरच्या निवडता निवडता मी सांगायचे, या आठवड्यात तुझी पोरगी अनुस्वारावर आलीय, 'आबा' आणि 'आंबा' यात गोंधळते, दुकानांच्या पाट्या दिसल्या की वाचायला लाव. आई दोन वाक्यं ऐकायची, एक सांगायची. "काल रात्री ताप होता." "बाप गेला कारखान्यावर." कधी कधी मुलाच्या चुकीचं कारण त्या एका वाक्यातच असायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाने पालकांशी नियमित बोलून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगावी, असं कर्तव्यच लिहिलेलं आहे. मी ते नेमकं कलम निवृत्तीच्या आसपास वाचलं. मिरच्या मात्र आधीपासून निवडत होते.

आठवडाच का, रोज का नाही, महिन्याने का नाही? रोजचा निरोप घराला झेपत नाही. नोकरदारालाही नाही आणि रोजंदारीवाल्यालाही नाही. चार दिवसांत तो निरोप बघायचाच बंद होतो. महिना फार लांब. जूनमध्ये एकोणतीस आणि एकोणचाळीस यांत अडकलेलं मूल सांगितलं नाही तर पोळ्यापर्यंत तसंच अडकून राहतं, आणि तोवर वर्ग शंभरच्या पुढे गेलेला असतो. आठवडा हे आपल्याकडचं जगण्याचं माप आहे. बाजार आठवड्याचा, मजुरी कितीतरी ठिकाणी आठवड्याची, सुट्टी आठवड्याची.

2019 चा जूनही आठवतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक', 'त्रेसष्ठ'सोबत 'साठ तीन' अशी वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्र पेटला. चॅनेलवर थट्टा, विधिमंडळात थट्टा, घराघरात थट्टा. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्या कारणं समजावून थकल्या. कारण तसं साधं होतं. मराठीत आपण 'त्रेसष्ठ' म्हणताना तीन आधी बोलतो आणि साठ नंतर, लिहिताना मात्र सहा आधी. म्हणून मुलं 63 ऐकून 36 लिहितात. 'एकोणपन्नास' ऐकलं की पोरं 'पन्नास' पकडून 59 लिहितात. 'चाळीस नऊ' म्हटलं की तसं होत नाही. मी वर्गात दोन्ही पद्धती वापरल्या, फायदा झाला. जुनी नावं गेली नाहीत, जायला नकोही होती. पण आईबापांना हे टीव्हीवरच्या विनोदातून कळलं. त्या आठवड्यात राज्यातल्या प्रत्येक दुसरीच्या घरी शिक्षिकेच्या तोंडून तीन वाक्यं पोचली असती तर? माझ्या वर्गातल्या पालकांना मी बाजारात सांगितलं, कुणी हसलं नाही. एक आजोबा उलट म्हणाले, "आमच्या टायमाला हे पायजे व्हतं."

शाळा आणि घर यांच्यात बोलणंच नसलं की चांगली सुधारणासुद्धा थट्टेचा विषय होते. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा 2025 चा वादही घ्या. एप्रिलमध्ये शासन निर्णय, जूनमध्ये दुरुस्ती, जूनअखेर दोन्ही मागे. बाजू कुठलीही असो, त्या अडीच महिन्यांत पहिलीच्या मुलाच्या आईला कुणी काही विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

भाषेवरून आणखी एक सांगते, कारण इथे माझा तोल जातो. शहरातल्या अनेक शाळा पालकांना सांगतात, घरी मुलाशी इंग्रजीत बोला. ज्या आईचं इंग्रजी धड नाही ती काय करते? बोलणंच कमी करते. "कम, ईट, स्लीप, होमवर्क." जी बाई मराठीत मुलाला दिवसाला हजार गोष्टी सांगू शकली असती, तिच्याकडे चार आज्ञा उरतात. मूल वाचायला शिकतं ते आधी कानावर पडलेल्या शब्दांच्या जोरावर. 'फळी', 'कोनाडा', 'उंबरठा', 'साय', 'विरजण' हे शब्द, त्यांची वाक्यं, त्यांतले 'म्हणून' आणि 'जरी तरी' घरात कानावर पडले तर पुस्तकातल्या लांब वाक्याची भीती जाते, मग ते पुस्तक कुठल्याही भाषेतलं असो. घराने शाळेला द्यायची सर्वांत मोठी मदत म्हणजे घरच्या भाषेतलं भरपूर बोलणं, आणि शाळा नेमकं तेच बंद करायला सांगते. हा सल्ला देणाऱ्या शाळेला जाब विचारायला हवा. 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण निदान पाचवीपर्यंत जमेल तिथे घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. घरच्या भाषेत घरी बोलायला तरी परवानगी असावी की नाही?

सरकारने या बाबतीत काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. करोनात शाळा बंद होत्या तेव्हा राज्याने व्हॉट्सॲपवर दर आठवड्याचा 'स्वाध्याय' सुरू केला. आठवड्याचा होता, घरापर्यंत जाणारा होता, पण होता प्रश्नसंच. आणि घरातला एकुलता फोन सकाळी बापाबरोबर कामावर जायचा. त्याच काळातला 'गोष्टींचा शनिवार' मला जास्त आवडला. शनिवारी एक गोष्ट यायची, ऐका, वाचा, बोला. त्यात चूक-बरोबर काही नव्हतं, म्हणून आजीआजोबाही ऐकायला बसायचे. 2022 मध्ये 'पहिले पाऊल' अभियानात गावोगाव मातांचे गट केले, त्यांना कार्डं दिली. डाळ-तांदूळ वेगळे करा, भांडी लहान-मोठी लावा, मोजा. कल्पना अस्सल होती, स्वयंपाकघरातली होती. माझ्या जुन्या शाळेतल्या सहकारी सांगतात की ती हळूहळू फोटोवर आली. गट बसला, फोटो काढला, लिंक भरली, गट उठला. (आणि गट 'मातांचा'च का, हे एकदा कुणीतरी सांगावं. बापाला वाचून दाखवलं तर मुलाला वाचता येणार नाही की काय?)

आता खरा आक्षेप. माझ्या सहकारी फोनवर लगेच म्हणाल्या, "बोलायला काय जातंय तुमचं, रिटायर झालात. चाळीस मुलांचा आठवड्याचा हिशेब पाठवायचा कधी?" आक्षेप शंभर टक्के खरा आहे. कायद्याने शिक्षकाचा आठवडा तयारी धरून 45 तासांचा. त्यात मतदारयाद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, त्या माहितीची माहिती. यावर आणखी एक काम टाकायचं असेल तर मीच पहिली विरोध करीन.

पण एक काम काढून हे ठेवता येईल. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाची वाक्यात नोंद. हेतू उत्तम. झालं काय? बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, मग पीडीएफ आल्या. 'परिसरातील घटनांबाबत कुतूहल दाखवतो.' 'गटात सहकार्याने काम करतो.' मी स्वतः एका सत्रअखेरीला एका बैठकीत तीस मुलांना कुतूहल वाटून टाकलंय. ते कुणी वाचलं? तपासणीला आलेल्या साहेबांनी रकाने भरलेत का ते बघितलं. आईने कधीच नाही, कारण नोंदवही कपाटात. ते रकाने बंद करा आणि तेवढाच वेळ आईला जे सांगायचं त्याला द्या.

सगळ्या चाळीसांचं दर आठवड्याला वेगळं सांगायचीही गरज नाही. वर्गाचा एक निरोप सगळ्यांना, आणि पाळीपाळीने आठ-दहा मुलांच्या घरी एक-एक वाक्य. महिन्यात वर्ग फिरून होतो. तक्ता नको, आवाज पुरे. सेवेच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत मी शुक्रवारी असं रेकॉर्ड करून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे: "नमस्कार. या आठवड्यात दुसरीत आपण हातच्याची वजाबाकी सुरू केली. अजून निम्म्या मुलांना जमत नाहीय, ते चालायचंच, पुढचा आठवडा तेच घेणार आहे. घरी काही लिहून घेऊ नका. दुकानात गेलात की सुटे पैसे त्यांना मोजू द्या, चुकले तर चुकू द्या. वाचनात 'ससा आणि कासव' चाललंय, एकदा वाचून घ्या आणि विचारा, ससा झोपला नसता तर?" एवढंच. पाऊण मिनिट. विकत आणायचं काही नाही, शाळेत दाखवायचं काही नाही. दाखवायचं ठेवलं की ताईचं अक्षर परत येतं.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी तोच निरोप शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा आणि ज्या मुलांना वाचता येतं त्यांनी शाळा सुटताना तो मोठ्याने वाचायचा. पोरं घरी जाऊन सांगतातच. पोरांच्या पोटात काही राहत नाही.

या निरोपाचा एक उपयोग मला आधी सुचलाही नव्हता. आमच्याकडे दिवाळी झाली की मजुरीची आगाऊ उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. हंगामी वसतिगृह असलं तर काही मुलं मागे राहतात, लहानी बहुधा आईबरोबर जातात. पटावर ती असतात, वर्गात नसतात. एका वर्षी दुसरीतली एक मुलगी अशी गेली. मी नेहमीप्रमाणे शुक्रवारचा निरोप गटावर टाकत राहिले. तिची आई त्या गटात होती, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. जानेवारीत तिचा उलटा निरोप आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, आणि मुलगी धडा वाचतेय, अडखळत, पण वाचतेय. आई म्हणाली, "बाई, कोपीवर रातच्याला ऐकतो आमी समदी. टोळीतली बाकीची पोरंबी बसत्यात." कोपी म्हणजे ऊसतोडीच्या तळावरची त्यांची झोपडी. मी वही मागितली असती तर मला काहीच मिळालं नसतं. त्या पोरीने पाडव्यानंतर परत आल्यावर 'बाई, सशाचं उत्तर सांगू का?' असं विचारलं. उत्तर होतं, "ससा झोपला नसता तर कासवाला कुणी इचारलंच नसतं." यावर मी काय बोलणार.

म्हणून मला इंग्रजी शाळांचा प्लॅनर बघून जास्त वाईट वाटतं. त्यांच्याकडे प्रत्येक पालकाचा नंबर आहे, दर आठवड्याला निरोप पाठवायची शिस्त आहे, पालकही वाचतात. म्हणजे नळ आहे, दाब आहे, फक्त त्यातून येतं ते फोमशीटचं बिल. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 800 तास शिकवणं ठरवलंय. वर्षाचे एकूण तास 8760. शाळेचा वाटा दहावा हिस्साही नाही. उरलेल्या वेळातली झोप सोडली तर मुलाचं खेळणं, भांडणं, आजीच्या मागे मागे फिरणं आणि काहीच न करणं यासाठी जे उरतं, त्यातही शाळेने हात घालायचा? आणि तो हात फक्त पवनचक्कीसाठी?

पवनचक्कीनंतर मी मुलीला सांगून त्या वर्गशिक्षिकेला फोन केला. पोरगी पंचवीस-सव्वीसची असेल, डी.एड. केलेली, वर्गात अडतीस मुलं. आधी ती बिचकली, तक्रार आहे असं वाटलं तिला. मी म्हटलं, "तक्रार नाही गं, मीही दुसरीलाच शिकवायचे." मग ती मोकळी झाली. प्लॅनर तिचा नसतोच, वरून तयार येतो, सगळ्या शाखांना एकच. ती फक्त पुढे ढकलते. पवनचक्की वर्गात शिकवून झालेलीही नव्हती. मी विचारलं, "आमचा मुलगा कुठे अडकतोय, ते सांगशील?" ती क्षणभरही थांबली नाही. "मॅडम, तो वाचतो चांगलं, पण उतारा संपला की काय वाचलं ते सांगता येत नाही. आणि शेजारच्याचं उत्तर आधी बघतो, स्वतःचं बरोबर असलं तरी."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. जूनपासून माहीत होतं. सांगायला जागाच नव्हती, कारण तक्त्यात तसा रकाना नाही.

आता ती मला दर शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना बसमधून एक आवाजी निरोप पाठवते, चाळीस-पन्नास सेकंदांचा. मागे कंडक्टरची बेल ऐकू येते. तेवढ्यावर आमचा शनिवार-रविवार चालतो, आणि नातवाला आपला अभ्यास चाललाय याचा पत्ताही नसतो. शेजारच्या दोन घरांना हे कळलं तर तीही मागू लागली, म्हणून मी तिला विचारलं की हा निरोप सगळ्यांच्याच गटावर का टाकत नाहीस. ती म्हणाली, "नको मॅडम. ग्रुपवर फक्त प्लॅनर टाकायचा, असं आम्हाला सांगितलंय."